दोन विषयांची एक पदवी : अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांच्या संयुक्त अभ्यासक्रमाची आखणी

पदवीच्या पातळीवर अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान एकत्र शिकवावेत असे सुचवले की दोन्ही विषयांच्या अध्यापकांकडून हरकत येते. गणित, संख्याशास्त्र आणि अर्थमिती यांनाच तीन वर्षे अपुरी पडतात, तेव्हा निम्मा वेळ दुसऱ्या विषयाला देणे परवडणार नाही, असे अर्थशास्त्राचे अध्यापक म्हणतात. ग्रंथांचे सावकाश वाचन आणि युक्तिवादांची चिकित्सा हाच ज्या विषयाचा गाभा, तो अर्थशास्त्राच्या सोबतीला बसवला तर त्याला केवळ मूल्यशिक्षणाच्या तासाची कळा येईल, अशी भीती तत्त्वज्ञानाच्या अध्यापकांना वाटते. दोन्ही हरकती रास्त आहेत, आणि आखणी करणाऱ्याने त्यांना उत्तर दिल्याशिवाय असा अभ्यासक्रम उभा राहत नाही.

संयुक्त पदवी या शब्दप्रयोगाने येथे तीन घटकांची रचना अभिप्रेत आहे : पहिल्या विषयाचा पायाभूत अभ्यास, दुसऱ्या विषयाचा तितकाच गंभीर अभ्यास, आणि या दोहोंना जोडणारे, त्याच हेतूने रचलेले काही अभ्यासघटक. पहिले दोन घटक कोणत्याही चांगल्या महाविद्यालयात आयते मिळू शकतात. तिसरा मात्र मुद्दाम घडवावा लागतो. प्रस्तुत आढाव्याचे प्रतिपादन असे की संयुक्त पदवीचा कस या तिसऱ्या घटकावर लागतो, आणि श्रेयांकांची वाटणी, विषयांचा क्रम, परीक्षापद्धती व अध्यापकांची नेमणूक हे सर्व प्रश्न त्याच्या अनुषंगाने सोडवले तरच त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळतात.

विभक्त होण्याचा इतिहास

हे दोन विषय एकत्र आणणे ही आजची टूम नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आरंभीच राजपुत्राने शिकावयाच्या चार विद्या सांगितल्या आहेत : आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता आणि दंडनीती. यांपैकी आन्वीक्षिकी म्हणजे सांख्य, योग आणि लोकायत यांचा अंतर्भाव असलेली तर्काधिष्ठित चिकित्सा, तर वार्ता म्हणजे शेती, पशुपालन आणि व्यापार यांची विद्या. आधुनिक अर्थाने या दोन विद्याशाखा नव्हत्या. तरीही उपजीविकेची विद्या आणि चिकित्सेची विद्या एकाच शिक्षणक्रमाचे भाग मानल्या गेल्या होत्या, एवढे त्यावरून दिसते.

युरोपात आधुनिक अर्थशास्त्र नीतिशास्त्राच्या वर्गातूनच पुढे आले. ॲडम स्मिथ १७५२ पासून ग्लासगो विद्यापीठात नैतिक तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता; नैतिक भावनांवरील त्याचा ग्रंथ १७५९ मध्ये आणि राष्ट्रांच्या संपत्तीवरील ग्रंथ १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला. जॉन स्टुअर्ट मिलने तर्कशास्त्रावरील ग्रंथ १८४३ मध्ये आणि अर्थशास्त्रावरील ग्रंथ १८४८ मध्ये लिहिला, आणि हेन्री सिजविकनेही नीतिशास्त्र व अर्थशास्त्र या दोहोंवर स्वतंत्र ग्रंथरचना केली. केंब्रिजमध्ये १८४८ साली सुरू झालेल्या नैतिक विज्ञानांच्या पदवीपरीक्षेत अर्थशास्त्र हा एक विषय होता. आल्फ्रेड मार्शलच्या प्रयत्नांनी १९०३ मध्ये अर्थशास्त्राची स्वतंत्र पदवीपरीक्षा सुरू झाली आणि विभक्त होण्यावर संस्थात्मक शिक्कामोर्तब झाले. वैचारिक पातळीवर तेच काम लायोनेल रॉबिन्सच्या १९३२ मधील निबंधाने केले. अर्थशास्त्र म्हणजे उद्दिष्टे आणि पर्यायी उपयोग असलेली दुर्मिळ साधने यांच्या संबंधाचा अभ्यास, अशी व्याख्या करून त्याने उद्दिष्टांची चर्चा शास्त्राच्या बाहेर ठेवली, आणि दोन व्यक्तींच्या समाधानाची परस्परांशी तुलना करण्याला शास्त्रीय आधार नाही असे प्रतिपादले.

ही ताटातूट चालू असतानाच पुन्हा जोडण्याचे प्रयत्नही होत होते. ऑक्सफर्डमध्ये १९२० साली तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र यांची एकत्रित पदवी स्थापन झाली. भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्रात, या जोडणीला निराळे कारण होते : परक्या भूमीवर रचलेले सिद्धांत येथे लागू होतात का, हा प्रश्न मुळातच पद्धतिशास्त्राचा, म्हणजे ज्ञान कोणत्या आधारावर प्रमाण मानावे याचा होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानात अभिजात अर्थशास्त्राची गृहीतके सुटी करून मांडली. माणूस केवळ स्वहिताने चालतो, भांडवल आणि श्रम मुक्तपणे एकीकडून दुसरीकडे जातात, स्पर्धा निर्वेध असते, ही गृहीतके इंग्लंडातही पुरती खरी नाहीत आणि येथे तर फारच थोडी लागू पडतात, हे त्यांनी दाखवले. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात एडविन सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि जॉन ड्यूई यांच्या तत्त्वज्ञानाचा खोल संस्कार घेतला. लंडन विद्यापीठाने १९२३ मध्ये त्यांना रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. दिली. जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे १९३६ मधील त्यांचे प्रतिपादन एकाच वेळी आर्थिक आणि नैतिक आहे : जन्माने ठरलेला व्यवसाय माणसाला मागणी असलेल्या कामाकडे वळू देत नाही म्हणून ती व्यवस्था अकार्यक्षम ठरते, आणि त्याच्या निवडीला मोलच देत नाही म्हणून अन्याय्यही ठरते.

दोन्ही विषयांची भेट कोठे होते

जोडणारे अभ्यासघटक कोणते असावेत हे ठरवण्याआधी, दोन्ही विषय खरोखर कोठे एकमेकांत शिरतात हे पाहावे लागते. अशी तीन क्षेत्रे स्पष्टपणे दाखवता येतात.

पहिले क्षेत्र विवेकशीलतेचे. व्यक्ती विवेकाने निवड करते असे अर्थशास्त्र गृहीत धरते. विवेक म्हणजे काय हा तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न आहे. अनिश्चित परिस्थितीत निवड कशी करावी याचा अभ्यास म्हणजे निर्णयसिद्धांत, आणि त्याची जडणघडणच दोन्ही बाजूंच्या विचारवंतांनी केली आहे. केंब्रिजचा तत्त्वज्ञ फ्रँक रॅम्झी याने १९२६ मध्ये व्यक्तीच्या पैजांवरून तिच्या विश्वासाची मात्रा मोजण्याची कल्पना मांडली आणि १९२८ मध्ये राष्ट्राने किती बचत करावी यावर गणिती लेख लिहिला. केन्सचा १९२१ मधील ग्रंथ तर संभाव्यतेच्या तर्कशास्त्रावर आहे. अमर्त्य सेन यांनी १९७७ मध्ये केवळ स्वतःच्या पसंतीक्रमाने चालणाऱ्या माणसाच्या प्रतिमेवर टीका करताना सहानुभूती आणि बांधिलकी यांत भेद केला : दुसऱ्याच्या दुःखाने स्वतःला क्लेश होतात म्हणून मदत करणे ही सहानुभूती, आणि स्वतःचे समाधान कमी होत असतानाही तत्त्वासाठी कृती करणे ही बांधिलकी.

दुसरे क्षेत्र पद्धतिशास्त्राचे. सिद्धांताची गृहीतके वास्तवाशी जुळतात की नाही यापेक्षा त्याची भाकिते खरी ठरतात की नाही हे महत्त्वाचे, असा पवित्रा मिल्टन फ्रीडमनने १९५३ मधील निबंधात घेतला आणि त्यावरचा वाद अद्याप शमलेला नाही. रानड्यांचे व्याख्यान या निबंधासमोर ठेवून वाचले, तर गृहीतकांची चिकित्सा भाकितांच्या कसोटीइतकीच आवश्यक का ठरते, हा प्रश्न मराठी विद्यार्थ्याला आपल्याच परंपरेतून विचारता येतो.

तिसरे आणि सर्वांत समृद्ध क्षेत्र कल्याण आणि न्याय यांचे. केनेथ ॲरोने १९५१ मध्ये सिद्ध केले की निवडीसाठी तीन किंवा अधिक पर्याय असतील, तर व्यक्तींच्या पसंतीक्रमांवरून समाजाचा सुसंगत पसंतीक्रम तयार करणारा, आणि अगदी माफक वाटणाऱ्या काही अटी एकाच वेळी पाळणारा नियम अस्तित्वातच असू शकत नाही. सेन यांचा सामूहिक निवडीवरील ग्रंथ १९७० मध्ये, तर जॉन रॉल्सचा न्यायसिद्धांत १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच काळात ॲरो, रॉल्स आणि सेन यांनी हार्वर्डमध्ये एकत्रितपणे एक वर्गही घेतला होता. समाजात आपले स्थान कोणते असेल हे ठाऊक नसलेली व्यक्ती कोणती समाजरचना निवडेल, हा प्रश्न रॉल्सच्या आधी जॉन हारसान्यी या अर्थशास्त्रज्ञानेही विचारला होता. कोणतेही स्थान वाट्याला येण्याची शक्यता सारखीच मानली, तर विवेकी व्यक्ती सरासरी समाधान सर्वाधिक करणारी रचना निवडेल, हे त्याचे उत्तर. अशा प्रसंगी संभाव्यता गृहीत धरण्याला आधारच नसतो, म्हणून सर्वांत वाईट स्थितीतल्या माणसाची अवस्था ज्यात जास्तीत जास्त चांगली असेल ती रचना निवडली जाईल, हे रॉल्सचे. या वादाचा एक भाग निर्णयसिद्धांताचा आहे आणि दुसरा नीतिशास्त्राचा, आणि दोहोंपैकी एकच शिकलेल्या विद्यार्थ्याला तो अर्धाच दिसतो.

धोरणाच्या प्रश्नांत ही गुंतागुंत अधिक ठळक होते. हवामानबदलावरील खर्च ठरवताना भावी पिढ्यांच्या कल्याणाला आजच्या तुलनेत किती वजन द्यावे, हे शुद्ध कालवटावाच्या दराने ठरते; शुद्ध अशासाठी की भावी लोक अधिक श्रीमंत असतील हे कारण बाजूला ठेवून, केवळ काळ पुढचा आहे म्हणून वजनात केलेली ती घट असते. निकोलस स्टर्न यांच्या २००६ मधील अहवालाने हा दर वर्षाला ०.१ टक्का धरला. विल्यम नॉर्डहाउस यांनी तो १.५ टक्क्यांच्या आसपास धरला. पहिल्या दराने शंभर वर्षांनंतरच्या एक रुपयाइतक्या कल्याणाचे आजचे वजन सुमारे ९० पैसे राहते, तर दुसऱ्या दराने ते सुमारे २३ पैशांवर येते. आकडेमोड चक्रवाढ व्याजाची आहे. पण दर कोणता घ्यावा हे केवळ आकडेमोडीने ठरत नाही. नॉर्डहाउस तो बाजारातील व्याजदरांशी मेळ घालून ठरवतात आणि स्टर्न नैतिक युक्तिवादाने, म्हणजे लोक प्रत्यक्षात कसे वागतात आणि त्यांनी कसे वागावे यांतील भेदच येथे वादाच्या मुळाशी आहे.

पुण्यातील दांडेकर–सुखात्मे वाद हे याच प्रकारचे, मराठी वाचकाच्या अधिक जवळचे उदाहरण. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मधील आपल्या अभ्यासात दरडोई दररोज २२५० कॅलरींचा आहार मिळू शकेल इतक्या खर्चाच्या पातळीवर दारिद्र्यरेषा आखली. पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप असा होता की हा आकडा सरासरी गरजेचा आहे, आणि निरोगी माणसाची गरजही काळानुसार कमीजास्त होत असते; सरासरीखालच्या प्रत्येकाला कुपोषित मोजले तर संख्या फुगते. वरवर पाहता वाद संख्याशास्त्राचा आहे. परंतु कमी आहाराशी शरीराने जुळवून घेतले असेल तर त्या माणसाला पुरेसे मिळते असे म्हणावे, की वंचना अंगवळणी पडली आहे असे म्हणावे, हे ठरवण्यासाठी गरज या संकल्पनेचे विश्लेषण करावे लागते. विचरण म्हणजे काय हे न समजणारा विद्यार्थी सुखात्मे यांचा मुद्दा गमावतो, आणि गरज व इच्छा यांतील भेद न शिकलेला विद्यार्थी त्या मुद्द्यावरचा आक्षेप गमावतो.

प्रचलित नमुने आणि श्रेयांकांचा हिशेब

अशा पदव्यांचे तीन नमुने आढळतात. ऑक्सफर्डच्या नमुन्यात विद्यार्थी पहिल्या वर्षी तिन्ही विषय शिकतो आणि पुढे तिन्ही चालू ठेवतो किंवा एक सोडून दोन घेतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र यांची दोनविषयी पदवी आहे. तिला शालेय पातळीवरचे वरच्या दर्जाचे गणित आवश्यक असते, आणि कार्ल पॉपरच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या तेथील विभागामुळे विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाकडे तिचा कल राहिला आहे. तिसरा नमुना दोन विषय शेजारी ठेवण्याचा. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या टी.वाय.बी.ए.मध्ये सहाही पेपर एका विषयाचे घ्यावेत किंवा दोन विषयांचे तीन-तीन, अशी मुभा होती. त्यातून अर्थशास्त्र–तत्त्वज्ञान ही जोडी कागदोपत्री शक्य होत असे, मात्र दोन्ही विषयांना सांधणारा पेपर त्या रचनेत नव्हता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीसाठी श्रेयांकांची चौकट जाहीर केली. श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, हे अध्ययनाच्या वेळेचे माप असून एका श्रेयांकाला सत्रात १५ तासांचे अध्यापन धरले जाते. तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक लागतात. त्यांपैकी मुख्य विषयाला किमान ६० आणि दुय्यम विषयाला २४ असतात, आणि दुसराही विषय मुख्य म्हणून नोंदवायचा असेल तर त्यात एकूण श्रेयांकांच्या ४० टक्के, म्हणजे ४८ श्रेयांक मिळवावे लागतात. आता ६० आणि ४८ यांत बहुविद्याशाखीय विषयांचे ९, भाषिक क्षमतेचे ८, कौशल्याचे ९, मूल्यवर्धित विषयांचे किमान ६ आणि उन्हाळी प्रशिक्षणाचे किमान २ मिळवले की बेरीज १४२ होते. हे प्रमाण १२० पेक्षा २२ ने अधिक आहे, म्हणजे चार श्रेयांकांचे पाच-सहा जादा पेपर. सत्राला २२ श्रेयांकांप्रमाणे तीन वर्षांत १३२ देणाऱ्या रचनेतही दहाची तूट उरतेच. दुहेरी मुख्य विषयाचा मार्ग नियमाने खुला असला तरी नेहमीच्या तीन वर्षांत तो जवळजवळ बसत नाही, हे आखणी करणाऱ्याने आरंभीच ध्यानात घ्यावे लागते.

त्याच चौकटीत आंतरविद्याशाखीय पदवीचाही पर्याय आहे. त्यात गाभ्याचे श्रेयांक घटक विषयांत वाटून दिले जातात. संयुक्त पदवीला तोच अधिक सोयीचा ठरतो. मुख्य आणि दुय्यम विषयांचे मिळून होणारे ८४ श्रेयांक एकत्र धरले तर चार श्रेयांकांचे २१ अभ्यासघटक मिळतात, आणि त्यांची एक संभाव्य वाटणी अशी : अर्थशास्त्राचे नऊ, तत्त्वज्ञानाचे आठ, जोडणारे चार. अर्थशास्त्राच्या नवांत गणित, संख्याशास्त्र, अर्थमिती, सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्राचे प्रत्येकी दोन, सार्वजनिक आयव्यय आणि भारतीय अर्थव्यवस्था येतात. तत्त्वज्ञानाच्या आठांत सांकेतिक तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, भारतीय दर्शने, आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञान, ज्ञानमीमांसा, विज्ञानाचे तत्त्वज्ञान, राजकीय तत्त्वज्ञान आणि एक ऐच्छिक विषय बसतो. जोडणारे चार म्हणजे निर्णयसिद्धांत, सामाजिक निवड आणि कल्याण, अर्थशास्त्राचे तत्त्वज्ञान, आणि दोन्ही विभागांच्या संयुक्त मार्गदर्शनाखालील प्रबंध.

क्रमाचा प्रश्न

या वाटणीत काय गाळले गेले, याची उघड नोंद असावी. आंतरराष्ट्रीय व्यापार, विकासाचे अर्थशास्त्र, सौंदर्यशास्त्र, मनाचे तत्त्वज्ञान यांना येथे हक्काची जागा नाही. ते ऐच्छिकात किंवा चौथ्या वर्षात जातात. गाळणे अपरिहार्य असते. क्रम चुकला मात्र, तर घेतलेल्या विषयांचेही नुकसान होते. महाराष्ट्रात कला शाखेकडून येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे गणित दहावीला सुटलेले असते, तर दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीला बारावीचे गणित ही प्रवेशाचीच अट आहे. अशी अट घातली तर कला शाखेतले बहुसंख्य विद्यार्थी बाहेर राहतात. न घातली तर पहिल्याच सत्रात गणिताचा पाया घालून देणे ही अभ्यासक्रमाची जबाबदारी ठरते. या ठिकाणी तर्कशास्त्र उपयोगी पडते, कारण व्याख्या, गृहीतक आणि सिद्धता यांची शिस्त विद्यार्थी तेथे संख्यांविना शिकतो, आणि ती अंगी बाणली की ॲरोच्या सिद्धांताची सिद्धता त्याला दुर्बोध राहत नाही. म्हणून पहिल्या सत्रात गणित, सांकेतिक तर्कशास्त्र आणि सूक्ष्म अर्थशास्त्र एकत्र असावेत. नीतिशास्त्र आणि संख्याशास्त्र पहिल्या वर्षातच उरकावेत. आणि जोडणारा पहिला घटक, निर्णयसिद्धांत, दुसऱ्या वर्षाच्या आरंभी यावा. जोडणारे सर्वच घटक अखेरच्या वर्षासाठी राखून ठेवले, तर दोन वर्षे विद्यार्थी दोन वेगळ्या पदव्याच करत राहतो.

परीक्षा, वर्कलोड आणि भाषा

परीक्षापद्धतीचा प्रश्नही यातूनच निघतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी उदाहरणे सोडवून तयार होतो आणि तत्त्वज्ञानाचा निबंध लिहून. जोडणाऱ्या घटकांत दोन्ही कसब एकाच उत्तरात मागता आले पाहिजे. शुद्ध कालवटावाचे वरील उदाहरण त्यासाठी वापरता येते : आधी दोन दरांनी वजने काढावयाची, मग दोन्ही दरांमागील युक्तिवाद मांडून त्यांतील एकाची बाजू सप्रमाण घ्यावयाची. असा प्रश्न तपासण्यासाठी दोन्ही बाजू जाणणारा परीक्षक लागतो, आणि तेथे व्यवस्थेची अडचण उभी राहते. महाविद्यालयांत पदांची संख्या विषयवार वर्कलोडवर ठरते; जोडणाऱ्या पेपरचा वर्कलोड कोणत्या विभागाच्या नावावर मोजायचा याचे उत्तर नसेल तर तो पेपर कोणीच हौसेने घेत नाही. तत्त्वज्ञानाचा विभाग अनेक ठिकाणी एक-दोन अध्यापकांवर चालतो, त्यामुळे तेथे हा प्रश्न अस्तित्वाचाच बनतो. दोन अध्यापकांनी एक पेपर मिळून शिकवावा आणि तासांची नोंद दोन्ही विभागांकडे निम्मी-निम्मी व्हावी, ही तरतूद अभ्यासमंडळाच्या ठरावात आधीच लिहून घेणे हा त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे.

पुढील वाटांचा विचार करता, अर्थशास्त्राच्या नामांकित पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षांत गणिताचा वाटा मोठा असतो, त्यामुळे त्या दिशेने जाणाऱ्याने ऐच्छिक विषय आणि चौथे वर्ष गणितासाठी राखणे श्रेयस्कर. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे आणि दोन्ही विषय वैकल्पिक म्हणूनही उपलब्ध आहेत. मात्र स्पर्धापरीक्षांची तयारी हा या पदवीचा मुख्य हेतू मानला तर जोडणारे घटक पहिल्यांदा वगळले जातील, कारण परीक्षेला थेट उपयोगी न दिसणारा भाग तोच असतो.

मराठी माध्यमाची बाजूही दुर्लक्षिता येत नाही. तत्त्वज्ञानापुरती मराठीची स्थिती भक्कम आहे : देवीदास दत्तात्रेय वाडेकर यांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ‘परामर्श’सारख्या नियतकालिकाने काटेकोर युक्तिवादाची भाषा घडवली. अर्थशास्त्राचीही पाठ्यपुस्तके आहेत. उणीव आहे ती नेमकी सांध्यावर. निर्णयसिद्धांत, सामाजिक निवड आणि अर्थशास्त्राचे पद्धतिशास्त्र यांवर पदवीच्या विद्यार्थ्याला हाती धरून नेणारे मराठी लेखन तुटपुंजे आहे. रानड्यांचे व्याख्यान, आंबेडकरांचे जातिव्यवस्थेवरील विवेचन आणि दांडेकर–सुखात्मे वाद यांचे टीपांसह एक वाचन-संकलन तयार झाले तरी अर्थशास्त्राच्या तत्त्वज्ञानाचा निम्मा पेपर मराठीतून उभा राहू शकतो.

एकंदरीत, आरंभी नमूद केलेल्या दोन्ही हरकतींचे उत्तर एकाच ठिकाणी मिळते. संयुक्त पदवीचा विद्यार्थी दोन्ही विषयांत एकेरी पदवीधराइतका विस्तार मिळवणार नाही, हे मान्य करावेच लागते. त्याच्या मोबदल्यात, ज्या प्रश्नांवर दोन्ही एकेरी पदवीधर अडतात त्या प्रश्नांवर त्याला पुढे जाता आले पाहिजे. ते घडते की नाही, हे २१ पैकी चार घटकांवर ठरते. ज्या विद्यापीठाला ते चार घटक शिकवणारे अध्यापक, त्यांचा वर्कलोड आणि त्यांचे वाचनसाहित्य यांची तजवीज करणे शक्य नसेल, त्याने संयुक्त पदवीचे नाव न घेता अर्थशास्त्र मुख्य आणि तत्त्वज्ञान दुय्यम, किंवा उलट, अशी साधी रचना ठेवावी. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती अधिक प्रामाणिक असेल.